पिकअप वाहनातील इंधन : निवड व सुरक्षित भरणा

चालकाच्या केबिनमागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू वाहनास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे पिकअप म्हणतात. २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एसला मिळालेले ‘छोटा हत्ती’ हे नाव पुढे तशाच इतर लहान गाड्यांनाही चिकटले. ही वाहने डिझेल, पेट्रोल, सीएनजी आणि अलीकडे विजेवरही चालतात. इंधनाची खरी निवड गाडी विकत घेतानाच होते. एकदा इंजिन ठरले की टाकीच्या झाकणावर लिहिलेले इंधनच भरावे लागते.

नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेज घाटातून कल्याणकडे उतरणाऱ्या आणि परतताना तोच घाट चढणाऱ्या गाडीला कमी वेगाने फिरतानाही जोर देणारे डिझेल इंजिन सोयीचे पडते. शहरात दिवसभर थोड्या अंतराच्या खेपा करणाऱ्यास सीएनजी स्वस्त पडतो. मात्र सिलिंडरच्या वजनाइतकी माल वाहण्याची क्षमता घटते, चढावर ताकद कमी जाणवते आणि पंपावरील रांगेत वेळ मोडतो. पेट्रोलवरील जुन्या गाडीच्या मालकाने २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा गाडीतील रबरी नळ्यांवर व वायसरांवर काय परिणाम होईल, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात टाकीचे सैल झाकण तातडीने बदलणे आवश्यक ठरते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणाऱ्या भारत स्टेज ६ मानकानुसार डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांपर्यंत मर्यादित आहे. या इंजिनांचे पंप व इंधन फवारणारे इंजेक्टर अत्यंत नाजूक असल्याने रॉकेलची भेसळ किंवा बायोडिझेलच्या नावाखाली रस्त्यालगत विकले जाणारे तेल त्यांना सोसत नाही. लिटरमागे वाचलेले रुपये दुरुस्तीत अनेक पटींनी जातात. काही डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरतात. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडल्यास संपूर्ण इंधनप्रणाली निकामी होऊ शकते.

भरणा करताना इंजिन बंद व हातब्रेक ओढलेला असावा आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. नोझल आपोआप बंद झाल्यावर टाकी काठोकाठ भरण्याचा आग्रह धरू नये, कारण उन्हात इंधन प्रसरण पावते.

पिकअपचा सर्वांत दुर्लक्षित धोका हौद्यात असतो. पंप, फवारणी यंत्र किंवा जनरेटरसाठी लागणारे इंधन हौद्यात ठेवलेल्या कॅनमध्येच भरून घेण्याची पद्धत सर्रास दिसते. वाहत्या इंधनामुळे कॅनवर स्थिर विद्युतभार साचतो. हौद्यात प्लॅस्टिकचे अस्तर, रबरी चटई किंवा ताडपत्री असल्यास त्या भाराला जमिनीत उतरण्यास वाट मिळत नाही. नोझल कॅनजवळ येताच ठिणगी पडून वाफ पेटू शकते. म्हणून कॅन प्रत्येक वेळी खाली उतरवून जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले ठेवावे, सावकाश भरावे आणि वर थोडी जागा मोकळी सोडावी. दोन मिनिटांचे हे काम टाळण्याचे कोणतेही कारण नाही.

सीएनजी सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, म्हणून भरताना सर्वांनी गाडीतून उतरून दूर उभे राहावे. सिलिंडरची दाबचाचणी दर ३ वर्षांनी करणे बंधनकारक आहे.

डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेल्याचे लक्षात आल्यास चावी फिरवू नये. डिझेल हेच उच्चदाब पंपाचे वंगण असते आणि पेट्रोल ते वंगण धुऊन काढते. गाडी ढकलत बाजूला घेऊन टाकी पूर्ण रिकामी करून घेतल्यावरच ती सुरू करावी.