गाम्निदा की गायो?

कोरियनमध्ये ‘मी जातो’ हे ‘गाम्निदा’ असंही म्हणता येतं आणि ‘गायो’ असंही. दोन्ही अदबीचंच. नवशिक्यांना बहुधा सांगतात, की पहिलं अधिक आदराचं, दुसरं जरा कमी. हे अर्धंच खरं आहे, कारण या दोन रूपांचे उगमच वेगळे आहेत.

‘म्निदा’ जुनं. 1446 मध्ये हांगुल लिपी जाहीर झाली, त्या काळातल्या मजकुरात क्रियापदाला ‘सुप्’सारखा एक प्रत्यय लागतो. ज्याच्यासाठी किंवा ज्याच्याबाबत कृती घडते तो थोर असेल, तर कर्त्याने स्वतःकडे कमीपणा घेण्यासाठी तो वापरला जाई. पुढे 17व्या शतकापासून त्याचा रोख हळूहळू समोर ऐकणाऱ्याकडे वळला. ऐकणाऱ्याचा आदर दाखवणारा आणखी एक जुना प्रत्यय त्याला चिकटला आणि झिजत झिजत आजचा ‘सुम्निदा’ किंवा ‘म्निदा’ उरला.

‘यो’ची गोष्ट उलटी. घरात, मित्रांत बोलायच्या मोकळ्या रूपाला मागे ‘यो’ जोडला, की झालं अदबशीर. हे वळण सोलच्या बोलीत 19व्या शतकाच्या अखेरीपासून रुजलं. जन्मजात दर्जाची व्यवस्था 1894 च्या गाबो सुधारणांनी कायद्याने मोडली, त्याच सुमाराला. हा निव्वळ योगायोग नसावा. समोरच्याचा दर्जा नीट ठाऊक नसताना निभावून नेणारं रूप तेव्हा हवंच होतं.

‘यो’ पसरला तशी पूर्ण आदर आणि सलगी यांच्या मधली रूपं मागे पडली. त्यांतलं ‘हाओ’ वळण आता ऐतिहासिक मालिकांत ऐकू येतं, नाहीतर दुकानाच्या दारावर दिसतं: ‘मिशिओ’, म्हणजे ढकला.

मराठी माणूस अडखळतो तो दुसऱ्याच ठिकाणी. ‘आजोबा आले’ यातला मान आजोबांचा, ऐकणारा कुणीही असो. कोरियनमध्ये त्यासाठी ‘शि’ हा निराळा प्रत्यय आहे. वाक्याचा शेवट फक्त ऐकणाऱ्यासाठी. म्हणून मित्राला सांगताना आजोबांना मान आणि मित्राशी सलगी, दोन्ही एकाच क्रियापदात मावतं.

दक्षिण कोरियाच्या सैन्यात मात्र ‘यो’ला बराच काळ मज्जाव होता. वाक्य ‘म्निदा’तल्या ‘दा’ने किंवा प्रश्न असेल तर ‘क्का’नेच संपवायचं, असा दंडक. 2016 मध्ये संरक्षण मंत्रालयाने तो सैल केला. कवायतीत ‘म्निदा’ कायम राहिलं, एरवीच्या बोलण्यात ‘यो’ चालू लागलं. बातम्या आजही ‘म्निदा’तच वाचतात. नोकरीच्या मुलाखतीत बहुतेक जण सुरुवात ‘म्निदा’ने करतात आणि बोलता बोलता अधूनमधून ‘यो’वर येतात.