डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून राणीच्या बागेकडे चालत गेलं की बागेच्या गेटाजवळच ते लागतं. मूळचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आत्ताचं नाव १९७५ पासूनचं, आणि मालकी महापालिकेची. बागेत येणाऱ्या गर्दीतली बरीचशी माणसं प्राणी बघून तशीच परत जातात आणि शेजारची ही इमारत राहून जाते, याचं खरंच वाईट वाटतं, कारण एकोणिसाव्या शतकातली मुंबई एका छताखाली बघायची तर यासारखी दुसरी जागा नाही.

या सगळ्याची सुरुवात १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनापासून होते. इंग्रजांच्या वसाहतींमधून तिथे माल, कारागिरी, कच्च्या वस्तू गेल्या होत्या, त्याच धर्तीवर मुंबईतही असा संग्रह असावा असं ठरलं आणि फोर्टातल्या टाउन बराकीत तो मांडला गेला. डॉ. जॉर्ज बुइस्ट हे त्याचे पहिले क्युरेटर, म्हणजे संग्रहाची देखभाल आणि मांडणी बघणारे प्रमुख. पण १८५७ चा उठाव झाला, सैनिकांना ठेवायला बराकी हव्या होत्या, म्हणून संग्रह अक्षरशः बाहेर फेकला गेला आणि त्यात कितीतरी वस्तू गेल्या. जे वाचलं ते पुढे क्युरेटर झालेल्या डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी गोळा करून टाउन हॉलमध्ये ठेवलं.

इथून पुढचा भाग महत्त्वाचा, कारण म्युझियमला स्वतःची इमारत हवी हा आग्रह शहरातल्या लोकांनी धरला. १८५८ च्या डिसेंबरमध्ये टाउन हॉलला सभा झाली, त्यामागे बर्डवुड यांच्यासोबत जगन्नाथ शंकरशेठ आणि डॉ. भाऊ दाजी होते. राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव द्यायचं असं ठरलं आणि वर्गणी सुरू झाली. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, गरिबांवर फुकट उपचार करायचे, महारोगावर औषध शोधायचे आणि शिलालेख, जुनी नाणी वाचण्यातही त्यांचा हात धरणारं त्या काळात फारसं कोणी नव्हतं. पुढे ते मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ (शहरातल्या नामांकित नागरिकाला मिळणारं मानाचं पद) झाले. पहिल्या शंभर वर्षांत म्युझियमवर त्यांचं नाव नव्हतं, ते १९७५ ला लागलं, आणि माझ्या मते ते फार आधीच लागायला हवं होतं.

१८६२ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पायाभरणी केली. तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता, अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्यामुळे देणग्याही सढळ हाताने मिळाल्या. मग १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बसला, भले भले सावकार रस्त्यावर आले आणि वर्गणी आटली. काम रखडलं आणि शेवटी सरकारला ते हातात घेऊन पुरं करावं लागलं. २ मे १८७२ ला म्युझियम उघडलं.

डिझाइन विल्यम ट्रेसी यांचं, त्यांच्या निधनानंतर स्कॉट, मॅक्लेलंड अँड कंपनीने ते पूर्ण केलं. बाहेरून इमारत साधी, शांत, पॅलेडियन म्हणजे जुन्या इटालियन धाटणीच्या प्रमाणबद्ध पद्धतीची, आत गेलं की मात्र चित्रच पालटतं. दोन मजले उंच मोकळा हॉल, चारी बाजूंनी सज्जा, बिडाचे नक्षीदार खांब, पायाखाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरशा आणि वर रंगवलेलं छत. हॉलमध्ये प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, तो मुंबईतले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी दिलेला, आणि त्यावरचा मजकूर इंग्रजीबरोबर हिब्रूतही कोरलाय.

वस्तूंचं म्हणाल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल बर्न्स क्युरेटर होते, तेच जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रिन्सिपॉलही होते, त्यामुळे तिथल्या कामाची छाप इथे पडलेली दिसते. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून मुंबईतल्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, धंदे, खेळ दाखवलेत, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेचं, डोंगरवाडीचं मॉडेल आहे, होड्या आहेत, जुने नकाशे आणि फोटो आहेत. इंग्रजांनी आपल्या लोकांना नमुने म्हणून कप्प्यात बसवलं हे तर खरंच, ते बघताना डोक्यात ठेवावं, पण पागोट्याची बांधणी किंवा नेसणं किती बारकाईने केलंय तेही बघा, कारण त्यातलं बरंचसं आता कुठेच शिल्लक नाही.

स्वातंत्र्यानंतर म्युझियमकडे दुर्लक्ष होत गेलं. ओल, गळती, रंगावर रंगाचे थर, छतावरचं मूळ स्टेन्सिलचं काम तर रंगाखाली गेलेलं. फेब्रुवारी २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. पुढाकार तस्नीम झकारिया मेहता यांचा, आणि इमारतीचं काम संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी बघितलं. या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. जुनं पाडून चकाचक नवं करायचं नव्हतं, आधी थर खरवडून मूळ रंग कोणता होता ते शोधायचं, मग छताची नक्षी परत काढायची, सोन्याचा वर्ख लावायचा, नक्षीदार काचा आणि फरशा दुरुस्त करायच्या, आणि हे होईस्तोवर वस्तूंवरही वेगळे उपचार चालू ठेवायचे. २००५ ला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार, म्हणजे अवॉर्ड ऑफ एक्सलन्स, या कामाला मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत म्युझियम परत उघडलं. त्यानंतर जितिश कल्लाट, अतुल डोडिया अशा आजच्या कलाकारांची प्रदर्शनं जुन्या कपाटांच्या मधोमध भरू लागली, आणि ती जागा निर्जीव राहिली नाही.

अर्थात एकदा दुरुस्त केलं की सुटलो असं मुंबईच्या हवेत होत नाही. कोविडमध्ये २०२० ला बंद झालेलं म्युझियम दुरुस्तीच्या कामांमुळे बराच काळ बंदच राहिलं आणि २०२५ ला परत उघडलं. विस्तारासाठी २०१४ ला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होऊन अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचं डिझाइन निवडलं होतं, ते मात्र कागदावरच राहिलं.

जाणार असाल तर बुधवारी जाऊ नका, सुट्टी असते. आणि बाहेरचा दगडी हत्ती नक्की बघा. तो मूळचा घारापुरी बेटावरचा, आणि घारापुरीला जे एलिफंटा नाव पडलं ते याच्यामुळे. १८६४ ला त्याला इंग्लंडला न्यायचं चाललं होतं, उचलताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले, ते राणीच्या बागेत आणून १९१४ मध्ये जोडले.