पार्श्वभूमी: लिनक्सवरचं डायल-अप आणि ‘विनमोडेम’ची भानगड

भारतात १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं, तेव्हा लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची तयारी झालेली होती. फोनलाइनवरून इंटरनेट जोडण्याच्या पीपीपी या पद्धतीचं प्रमाण १९९४मध्ये ठरलं होतं आणि जोडणी सांभाळणारं पीपीपीडी हे सॉफ्टवेअर हाताशी होतं. स्वस्तातलं शेल खातं मात्र नुसती अक्षरं दाखवी. त्यात स्लर्प हा प्रोग्राम चालवला की तेच खातं पीपीपीसारखं वागू लागे. थेट इंटरनेट जोडणी देणाऱ्या महाग टीसीपी-आयपी खात्याला ती सरळसरळ पळवाट होती.

मोडेम तेव्हा सीरियल पोर्टला जोडायचा डबा असे. विंडोजचं कॉम१ पोर्ट म्हणजे लिनक्सवर टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. एका आकड्याच्या या फरकात पुष्कळांच्या संध्याकाळी गेल्या. मोडेमशी थेट बोलायच्या मिनिकॉम प्रोग्राममध्ये ‘एटी’ ही आज्ञा टाइप करून ‘ओके’ आलं की निम्मं काम झालं. आपल्याकडचा डायल टोन काही मोडेमना ओळखू येत नसे आणि ‘नो डायलटोन’ येई. सुरुवातीच्या आज्ञेत ‘एक्स३’ घातलं की मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवी. जुन्या एक्स्चेंजवर टोनने नंबर फिरवणाऱ्या ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’, म्हणजे पल्स.

घोळ सुरू झाला तो असेम्बल्ड पीसीत आत बसणारी स्वस्त पीसीआय मोडेम कार्डं आल्यावर. ‘विनमोडेम’ हा मुळात एका अमेरिकी मोडेम कंपनीचा ट्रेडमार्क. पण बोलताना लोक तो सगळ्याच अर्धवट मोडेमना लावू लागले, आणि त्यात दोन वेगळे प्रकार एकत्र झाले. एकात सिग्नलवर प्रक्रिया करणारी चिप कार्डावर असते, फक्त एटी आज्ञा समजून घेण्याचं काम ड्रायव्हरकडे जातं. दुसऱ्यात तीही चिप नसते. सगळा भार सीपीयूवर. दुकानदार दोन्हींना ‘इंटर्नल मोडेम’च म्हणे. ओळखायची ढोबळ खूण अशी: पीसीआय कार्डांची यादी दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या आज्ञेत ‘सीरियल कंट्रोलर’ दिसलं तर आशा, ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ दिसलं तर ड्रायव्हर शोधायला लागा.

ड्रायव्हर मिळे तो बंद गाभ्याचा, वरून खुल्या कोडची साल. म्हणून तो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मध्यवर्ती भागाच्या, प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने कम्पाइल करावा लागे, आणि त्याच कर्नलचा सोर्स किंवा हेडर नसले की तिथेच गाडं अडे. असं बंद मॉड्युल घातलं की कर्नल स्वतःला ‘टेंटेड’, म्हणजे दूषित, म्हणवून घेई आणि तसा इशारा देई. २००४मध्ये एका ड्रायव्हर कंपनीने परवान्याच्या ओळीत ‘जीपीएल’ हे खुल्या परवान्याचं नाव लिहून लगेच शून्य बाइट टाकला आणि तो परवाना काही फाइलींपुरताच असल्याची अट त्यापुढे लिहिली. सी भाषेत मजकूर शून्यापाशी संपतो, त्यामुळे कर्नलला फक्त ‘जीपीएल’ दिसलं. इशाऱ्यांचा भडिमार ग्राहकांना घाबरवतो, असं कंपनीचं म्हणणं. त्यात तथ्य होतं, पण कर्नलशी खोटं बोलणं हा त्यावर उपाय नव्हे. त्याच कंपनीचा फुकट ड्रायव्हर १४.४ केबीपीएसवर अडवलेला असे. पूर्ण वेगाला पैसे.

मोडेम बोलू लागला तरी दोन खड्डे उरत. पीपीपीडी समोरच्या सर्व्हरकडेच ओळख मागू लागलं तर त्याला ‘नोऑथ’, म्हणजे ओळख मागू नको, हा पर्याय द्यावा लागे. आणि लॅन कार्डाचा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा ठरलेला मार्ग, आधीच असला तर लाइन जोडलेली, पण एकही पान उघडत नाही. तो रूट काढून पुन्हा डायल करायचं.

२००५च्या जानेवारीत सरकारी ब्रॉडबँड आलं. मोडेम नेटवर्क केबलवर गेला आणि विनमोडेमचा प्रश्न मागे पडला. मोडेम ब्रिज मोडमध्ये, म्हणजे जोडणी संगणकावर सोपवून, वापरला तर मात्र पीपीपीओई या केबलवरच्या पीपीपीसाठी तेच पीपीपीडी लागे, आणि पासवर्डही डायल-अपच्याच पॅप-सीक्रेट्स फाइलमध्ये.