तळहाताचे घट्टे गिटारला चालत नाहीत

मुलगा नोकरीला पुण्याला गेला, गिटार खुंटीवरच राहिली. सत्तावन्नाव्या वर्षी ती खाली काढली तेव्हा वाटलं, कुऱ्हाड-फावडं धरलेल्या हाताला तारेचं काय एवढं! दहा मिनिटांत बोटं झोंबायला लागली.

आपले घट्टे असतात तळहातावर, बोटांच्या मुळाशी. तार रुतते ती बोटांच्या टोकांना. कापूस वेचताना बोंडाचे ओरखडे तिथं पडतात, पण घट्टा पडायला एकाच जागी रोज दाब हवा. तसा तो मिळाला की त्वचेच्या पेशी भराभर वाढतात आणि वरचा मेलेला, केराटिनचा (नखांतलंच प्रथिन) थर जाड होत जातो. याला काही आठवडे लागतात. म्हणून रोजची पंधरा मिनिटं बरी. रविवारी दोन तास बसलं तर हाती येतात नुसते फोड.

दुखणं कमी करायला थोडं भौतिकशास्त्र उपयोगी पडतं. तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. सगळ्या तारा अर्ध्या स्वरानं उतरवल्या तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. मग दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा लावायचा; स्वर जागेवर येतो आणि बोटं कमी फाकवावी लागतात. कारण ६५ सेंमी तारेच्या गिटारवर पहिलं घर (पट्ट्यांमधली जागा) सुमारे ३.६ सेंमीचं असतं, दुसरं ३.४ चं, आणि पुढची घरं आणखी अरुंद होत जातात.

मेंदूचं मात्र असं चिमटा लावून भागत नाही. थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचा मेंदू तपासला. डाव्या हाताच्या बोटांनी मेंदूत जास्त जागा व्यापलेली दिसली, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत ती अधिक होती. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. पण तो फायदाही वयाबरोबर उणावतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याला जास्त घोटावं लागणार, एवढाच त्याचा अर्थ. माझी करंगळी अजून अनामिकेला सोडून उठत नाही. भजनी मंडळातले म्हणतात, "खंजिरी सोडून हे का धरलं बे?"

मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ वर जातो. लाकडापेक्षा पोलाद जास्त प्रसरण पावतं, त्यामुळं सकाळी लावलेल्या तारा दुपारी सैल पडून उतरतात. सध्या बेसूर वाजलं की मी उन्हावर ढकलतो. हिवाळ्यात काय सांगायचं, ते तेव्हा बघू.