पार्श्वभूमी : ऑब्जेक्टची स्ट्रिंग होताना

लोकलचं वेळापत्रक दाखवणारं, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं एखादं अ‍ॅप घ्या. त्यातल्या 'गाडी' या ऑब्जेक्टला टूस्ट्रिंग, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर (स्ट्रिंग) करून देणारी मेथड लिहिली, ती 'कर्जत फास्ट' असं देते. गाड्या वेळेनुसार लावता याव्यात म्हणून ऑब्जेक्टची किंमत देणारी व्हॅल्यूऑफही लिहिली; ती ८.५१ ची मिनिटं करून ५३१ देते. आता अधिकचं चिन्ह वापरून मजकुराला गाडी जोडली, की स्क्रीनवर उमटतं 'दादरहून पुढची गाडी : ५३१'. कर्जतच्या माणसानं हे वाचून करायचं काय?

याचं मूळ भाषेच्या बालपणात आहे. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. बेरीज आणि मजकूर जोडणं, दोन्ही कामं एकाच चिन्हाकडे होती. मग चिन्हापुढे ऑब्जेक्ट आला तर आधी कोणाला विचारायचं? १९९७ च्या पहिल्या एक्मास्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणात उत्तर पक्कं झालं : आधी व्हॅल्यूऑफ, त्यातून साधी किंमत (आकडा, मजकूर वगैरे) मिळाली नाही तरच टूस्ट्रिंग. तारीख-वेळेच्या डेट ऑब्जेक्टला मात्र उलटा क्रम. हा अपवाद सोयीचा खरा, पण तो फक्त डेटला. तुमच्याआमच्या ऑब्जेक्टना ती सवलत नव्हती.

काहीच लिहिलं नाही तर मिळणारं ते कुप्रसिद्ध '[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]' त्याच प्रमाणातलं. त्यातला दुसरा शब्द ऑब्जेक्टची जात सांगतो. २००९ मध्ये अ‍ॅरे.इझअ‍ॅरे येईपर्यंत अ‍ॅरे (म्हणजे यादी) ओळखायला लोक हाच जुगाड वापरत. त्याच वर्षी टूजेसन आलं, पण ते फक्त माहितीचा जेसन स्वरूपातला मजकूर करणाऱ्या जेसन.स्ट्रिंगिफायपुरतं.

खरी किल्ली हाती आली २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट आवृत्तीत. सिम्बॉल.टूप्रिमिटिव या नावानं मेथड लिहिली, की तिला 'स्ट्रिंग', 'नंबर' किंवा 'डिफॉल्ट' असा इशारा मिळतो. अधिकचं चिन्ह 'डिफॉल्ट' पाठवतं. त्यावर गाडीचं नाव द्यायचं ठरवा, डेटची सवलत तुमच्या गाडीलाही मिळते. त्याच आवृत्तीतली टेम्प्लेट लिटरल (बॅकटिक, म्हणजे ` या चिन्हांत लिहिलेले मजकूर) 'स्ट्रिंग' मागतात, म्हणून बॅकटिकमध्ये गाडी घातली तर टूप्रिमिटिव न लिहिताही 'कर्जत फास्ट' नीट दिसतं. सिम्बॉल.टूस्ट्रिंगटॅगही तेव्हाचंच, त्यानं कंसातला दुसरा शब्द बदलता येतो, एवढंच.

तारीख-वेळेसाठी नव्यानं आखलेल्या टेम्पोरलनं तर ही संदिग्धता मुळातच नाकारली आहे. त्यातली व्हॅल्यूऑफ मुद्दाम टाइपएरर ही त्रुटी फेकते. बॅकटिक चालतात, अधिकचं चिन्ह लावलं की कोड तिथेच थांबतो.