निपल खाली, बुडबुडा वर

"दाब."
"दाबलं, मामा."
"धर." मी निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू, पाव फेरा सैल केला, नळीतून ऑइल सरकलं, निपल परत आवळला. "सोड."

डिचोलीच्या घरासमोर गाडी स्टँडवर चढवून मी आणि भाचा दोन तास हेच घोकत होतो. पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (चाकाची तबकडी आवळून गाडी थांबवणारे चिमटे) सील बदलले होते, म्हणजे ब्रेकमध्ये हवा शिरणार हे ठरलेलंच. ती काढायची म्हणून एवढा खटाटोप. जॅमच्या बाटलीत बुडवलेल्या पारदर्शक नळीतून येणारं ऑइल तर केव्हाच स्वच्छ झालं होतं, त्यात बुडबुड्याचा मागमूस नव्हता. तरी पेडल दाबलं की ओल्या उशीवर पाय दिल्यासारखं वाटायचं.

ब्रेकचं सगळं काम पास्कलच्या नियमावर चालतं: बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. अट एवढीच, की द्रव दबता कामा नये. ब्रेक ऑइल ही अट बऱ्यापैकी पाळतं. वातावरणाच्या 50 पट दाबाखाली ते हजारात तीन-चार भाग आकसतं, बस. त्याच दाबाखाली हवेचा मात्र पन्नासावा भाग उरतो. आता हिशेब करा. पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर धरला, तर आत अडकलेली 1 घनसेंटिमीटर हवा चिरडायलाच पिस्टनला सुमारे 3 मिलिमीटर सरकावं लागतं. पेडलचा दांडा साधारण चारास एक असतो, म्हणजे पायाखाली सव्वा सेंटिमीटर फुकट गेलं. चार-पाच शेंगदाण्यांएवढी हवा, आणि पेडलची बरीचशी चाल तिच्यातच खर्च!

पण मऊ पेडल म्हणजे हवाच, असं धरून चालणारे लिटरभर ऑइल वाया घालवतात. आधी पेडल काय सांगतंय ते ऐकावं. तीन-चारदा भरभर दाबल्यावर पेडल वर येतं पण स्प्रिंगसारखं दबतं, तर हवा आहे. वर येऊन कडक लागतं, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) लांब बसलेत, त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट करा. हवा काढून काही होणार नाही. आणि एकसारखा दाब ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसत जातं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा रबर गेलाय. (जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेलं की रबर सिलिंडरच्या कधी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर घासतो आणि बरा असलेला सिलिंडरही जातो.)

चौथी तक्रार आपल्याकडे पावसाळ्यानंतर हमखास कानावर येते. बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरून केरीला पोचेपर्यंत पेडल खाली जायला लागतं, आणि चहा पिऊन निघालं की पुन्हा ठीक. ही हवा नव्हे, वाफ. नेहमीचं ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेतं. जूनमध्ये डबा उघडा राहिला की पापड सादळतात ना, तसं हे ऑइलही सादळतं. फक्त दिसत नाही. डॉट 4 या दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं तर 155 अंश उरला तरी ते मानकात बसतं. डॉट 3 चे हेच आकडे 205 आणि 140. घाटात गिअर न उतरवता सतत ब्रेकवर पाय ठेवला की तेवढी उष्णता सहज निघते. वाफ हवेसारखीच दबते, आणि गाडी थंड झाली की विरून जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही. उपाय एकच: ऑइल बदलणं, तेही सीलबंद डब्यातलं. माळ्यावरची गेल्या पावसातली अर्धी बाटली कितीही जपून ठेवली असली तरी फेकून द्या.

आमची गाडी मात्र घाटात गेलीच नव्हती. पेडल दाबलं की वर यायचं आणि स्प्रिंगसारखं दबायचं. म्हणजे हवाच, पण कुठे?

पाइप बारीक असतो. त्यातला बुडबुडा पाइप भरूनच बसतो, म्हणून ऑइल सरकलं की त्याला सरकावंच लागतं. कॅलिपरची पोकळी त्यामानाने ऐसपैस. वाळपईकडे खळाळणारी म्हादई पणजीपाशी मांडवी होऊन संथ होते, तसा ऑइलचा वेग इथे मरतो. या पोकळीत बुडबुडा प्रवाहाला जुमानत नाही, तो आपला वर जातो आणि छताला चिकटून बसतो. बारीक असेल तर वर जायलाही वेळ घेतो: व्यास दहापट कमी झाला की चढण्याचा वेग शंभरपट कमी होतो. म्हणून पेडल धपाधप मारून ऑइलचा फेस करू नये. झालाच, तर अर्धा तास सोडून द्यावं, कॅलिपरवर लाकडाने दोन टिचक्या माराव्यात. आणि म्हणूनच निपल कॅलिपरच्या माथ्यावर दिलेला असतो.

हे मनात घोळत असताना मी वाकून पाहिलं. आमचे निपल तळाशी होते.

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट बसले, नळ्या बसल्या, कुणी तक्रार केली नाही. आम्ही दोन तास तळातून स्वच्छ ऑइल काढत होतो आणि हवा वर निवांत बसली होती. कुणाला नावं ठेवायची? पाना माझ्याच हातात होता.

कॅलिपरची अदलाबदल केली, टाकीत ऑइल काठोकाठ ठेवलं (ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून), आणि पुन्हा दाब-धर-सोड. तिसऱ्या दाबाला नळीतून हरभऱ्याएवढा बुडबुडा आला, त्यामागे आणखी दोन, मग साबुदाण्यासारखी एक माळ. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जखडू न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असती तर एवढ्यावर भागलं नसतं. त्याचे व्हॉल्व्ह स्कॅनर लावून उघडावे लागतात, ते घरी होत नाही. नशिबाने तिथवर गेली नव्हती.

"मामा, दगड झालं पेडल!" भाचा आतून ओरडला. त्याने लगेच चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पेडल त्याच्या पायाखाली बोटभर खाली गेलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"परत हवा?"

"नाही रे, तो बुस्टर. इंजिनाचा निर्वात तुझ्या पायाला मदत करतोय. खाली जाऊन थांबलं ना?"

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. थांबलं होतं.