हार्डटॉपचं छप्पर: आधी चढवलं, मग कापलं

जुन्या हार्डटॉपचं छप्पर कापून कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडता येणारी गाडी, करायचा विषय निघाला की अर्धा वाद शब्दावरच अडतो. त्यात या गाड्यांची जन्मकथाच उलटी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत निघालेली पहिली हार्डटॉप म्हणजे कन्व्हर्टिबलवर पत्र्याचं छप्पर डकवलेली गाडी. 1946 च्या क्रायस्लर टाउन अँड कंट्रीचे असे सात नमुने बनले होते. मोठ्या संख्येने आल्या त्या 1949 च्या ब्यूक रोडमास्टर रिव्हिएरा, कॅडिलॅक कूप द व्हिल आणि ओल्ड्समोबाइल 98 हॉलिडे. दारांच्या काचांना चौकट नाही, मधला खांब नाही. सगळ्या काचा उतरवल्या की बाजू सलग मोकळी. छप्पर जागचं हलत नसतानाही जाहिरातींत त्यांना 'हार्डटॉप कन्व्हर्टिबल' म्हणत. घोळ सुरू झाला तो इथून.

युरोपातल्या स्पोर्ट्‌स गाड्यांत हार्डटॉप म्हणजे हिवाळ्यात बसवायचं आणि उन्हाळ्यात काढून ठेवायचं टणक छप्पर. 1963 च्या मर्सिडीज 230 एसएलचं मधे खोलगट छप्पर असंच, दोघांनी मिळून उचलायचं. तिसरा अर्थ 1957 मध्ये फोर्ड स्कायलायनरने आणला: पत्र्याचं अख्खं छप्पर विजेच्या मोटरींवर मागे सरकून डिकीत जायचं. हा प्रकार 1959 पर्यंत चालला. म्हणजे न उघडणारं, काढता येणारं आणि स्वतःहून दुमडणारं, तिन्ही छपरांना शब्द एकच. 'हार्डटॉपची कन्व्हर्टिबल केली' असं कुणी सांगितलं तर कटर चालला की नुसते बोल्ट सुटले, हे आधी विचारून घ्यावं.

फोर्डच्याच मस्टँगने यात भर घातली. 1965 च्या ज्या साध्या दोन दारी मस्टँगला मालक 'कूपे' म्हणतात, तिला कंपनीच्या कागदांत 'हार्डटॉप' म्हटलंय. चॅसिस नंबरात हार्डटॉपचा आकडा 07, कन्व्हर्टिबलचा 08, फास्टबॅकचा (छप्पर मागे उतरत जाणारी) 09. छप्पर कापलं, कापडी टप बसवला, हायड्रॉलिक पंप जोडला, तरी नंबर 07 च राहतो. काही जण म्हणतात, उघडते ना, मग कन्व्हर्टिबलच. माझ्या मते ती 'कापलेली हार्डटॉप' आहे आणि विक्रीच्या पहिल्याच ओळीत तसं लिहिलेलं असावं. त्यात कमीपणा काही नाही, लपवण्यात आहे.

कापायला हार्डटॉपच का निवडतात, हे रचनेवरून कळतं. मधला खांब नाही आणि काचा बिनचौकटीच्या, त्यामुळे सेडानपेक्षा निम्मं काम आधीच झालेलं असतं. खाली स्वतंत्र चॅसिस असेल तर तेवढ्यावर बरंच भागतं. मस्टँगसारख्या एकसंध बॉडीत मात्र छप्पर हा नुसता आडोसा नसतो, ते भार वाहतं. ते गेलं की गाडी मधे बसते. म्हणून जाणता कारागीर आधी दारांच्या जागेत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करतो, दारांभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवतो आणि मगच कटर हातात घेतो. हे न करता कापलेल्या गाडीचं दार उघडतं, पण बंद होताना कुलपाच्या खुंटीवर आपटतं.

कारखान्यात तयार झालेल्या मस्टँग कन्व्हर्टिबलला दारांखालच्या पट्ट्या जाड असतात आणि पुढच्या सीटांखाली जादा आडवं पोलाद असतं. मागची सीटही अरुंद असते, कारण दुमडणाऱ्या टपाच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंना जागा लागते. कापणारे नेमकी हीच सीट विसरतात. इतकं करूनही थरथर पुरती जात नाही. शेव्हरोलेच्या 1967 च्या कॅमारो कन्व्हर्टिबलमध्ये ती जिरवायला चारही कोपऱ्यांत वजनाचे डबे बसवलेले होते. लोक त्यांना 'कॉकटेल शेकर' म्हणत.

कापाकापीला खरा जोर आला तो सत्तरच्या दशकात. गाडी उलटल्यावर छप्पर किती दाब सोसतं याचे अमेरिकेतले नियम कडक होत होते. कन्व्हर्टिबलवर बंदी येणार, असं सगळे धरून चालले. प्रत्यक्षात बंदी आलीच नाही. छप्पर दाबण्याच्या चाचणीतून कन्व्हर्टिबल वगळली गेली. पण एअर कंडिशनरमुळे मागणीही आटली होती, आणि कंपन्यांनी काढता पाय घेतला. 1976 ची कॅडिलॅक एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून गाजावाजा करून विकली गेली. काही वर्षांनी तीच कंपनी पुन्हा कन्व्हर्टिबल विकू लागली, तेव्हा 1976 ची घेऊन ठेवलेले काही जण कोर्टात गेले.

मधल्या काळात नवी अमेरिकन गाडी उघडी हवी असेल तर कापून घेणं हाच मार्ग होता. युरोपच्या महागड्या गाड्याही त्यातून सुटल्या नाहीत. फेरारी डेटोनाच्या कारखान्यातून निघालेल्या स्पायडर, म्हणजे उघड्या छपराच्या गाड्या, जेमतेम 122, कूपे मात्र हजारावर. तेव्हा कितीतरी कूपेंची छपरं उडाली. आज कापलेली डेटोना अस्सल स्पायडरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना अडचणीची ठरेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. मस्टँग कन्व्हर्टिबल 1983 मध्ये परतली ती कूपे म्हणूनच फोर्डच्या कारखान्यातून निघायची. तिथून दुसऱ्या कंपनीकडे जायची आणि छप्पर कापून, मजबुती देऊन, टप बसवून शोरूमला यायची. तिला कुणी नकली म्हणत नाही. फरक कटरचा नाही. ते काम मोजमाप ठरवून, एका पद्धतीने झालं आणि कागदावर पहिल्यापासून कन्व्हर्टिबल असंच लिहिलं गेलं, एवढाच.

अलीकडे सुटे भागही नव्याने बनू लागलेत. 1969 च्या कॅमारोची कन्व्हर्टिबल बॉडी अख्खी, कोऱ्या पत्र्याची विकत मिळते. तरीही हार्डटॉप कापल्या जातात, कारण गाडी आधीच दारात उभी असते आणि छप्पर कापायला एक दुपार पुरते. मजबुतीच्या कामाला किती दुपारी लागतील, ते त्या दिवशी कुणी मोजत नाही.